पावसाळ्यातल्या चिखल्या पुन्हा पुन्हा का होतात आणि त्या कशा टाळाव्यात

बदलापूरहून फोर्टला रोज लोकलने ये-जा करणाऱ्या आणि दिवसाचे दहा-अकरा तास बूट घालणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न असा आहे. दर पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या करंगळीजवळच्या बेचक्यात चिखल्या होतात. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मलमाने आठवडाभरात बरे वाटते, पण महिन्याभरात त्याच जागी कातडी पुन्हा पांढरी पडते आणि खाज सुटते. घरी पत्नी, पोहण्याच्या वर्गाला जाणारी मुलगी आणि मधुमेह असलेले वडील आहेत, आणि न्हाणीघर एकच आहे. रोज साबणाने पाय घासून धुऊनही असे का होते आणि ते कायमचे कसे टाळावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आपण स्वच्छतेत कुठे कमी पडत आहात असे मला वाटत नाही, हे आधी सांगते. चिखल्या अस्वच्छतेमुळे होतात असा समज असल्याने अनेक जण दिवसातून तीन-तीनदा पाय घासतात, साबण बदलतात, पाण्यात जंतुनाशक टाकतात आणि धुतलेला पाय तसाच ओला चपलेत सरकवतात. या आजारात पाय किती वेळा भिजला याला फारसे महत्त्व नाही; भिजल्यानंतर तो किती तास ओला राहिला, याला आहे. सकाळी दादरला गुडघाभर पाण्यातून चालून कार्यालयात पोचल्यावर लगेच पाय कोरडे करणाऱ्या माणसापेक्षा, फक्त मोजे दमट झाले म्हणून तसाच संध्याकाळपर्यंत बसून राहिलेल्या माणसाला चिखल्या होण्याचा संभव अधिक असतो.

चिखल्या बहुतेक वेळा डर्माटोफाइट या गटातल्या बुरशीमुळे होतात आणि त्यांत ट्रायकोफायटॉन रुब्रम व ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाले या दोन जाती नेहमी आढळतात. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर, नखे आणि केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, तेच या बुरशीचे अन्न आहे. कोरड्या आणि अखंड कातडीत शिरणे तिला जड जाते, कारण तिथला वरचा थर घट्ट असतो आणि तो सतत झडून नवा होत असतो. हाच थर घामात किंवा पाण्यात कित्येक तास भिजला की फुगतो, पांढरा पडतो, भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा सैल होतो आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते. तळपायावर घामाच्या ग्रंथी अतिशय दाट असतात, त्यामुळे पावसाचे पाणी लागले नाही तरी बंद बुटात पाय भिजतोच. त्यातही करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांमधली बेचकी सर्वांत अरुंद असते. तिथे दोन बोटे दिवसभर एकमेकांवर दाबलेली असतात आणि वारा अजिबात पोचत नाही. आजाराची सुरुवात जवळजवळ नेहमी तिथूनच का होते, याचे कारण हे आहे.

जिथे लोक अनवाणी किंवा उघड्या चपलांत वावरतात तिथे हा आजार कमी दिसतो. बंद बूट रोजच्या वापरात आले तसा तो वाढत गेला. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत भिजलेला बूट रात्रभरात वाळत नाही, दोरीवरचे मोजे दोन-दोन दिवस दमट राहतात, आणि आपण सकाळी जो मोजा कोरडा समजून घालतो तो पुष्कळदा फक्त हाताला थंड लागत नाही एवढेच असते.

आता पाय पुसण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण प्रतिबंधाचा सर्वांत मोठा भाग याच दोन मिनिटांत साधतो. बहुतेक लोक पंचाने पायाची वरची बाजू आणि तळवा पुसतात. बेचक्या तशाच राहतात. पाट किंवा खुर्ची घेऊन खाली बसावे. उभ्याने एका पायावर तोल सांभाळत हे काम नीट होत नाही. जुन्या सुती धोतराचा, साडीचा किंवा मलमलीचा हातरुमालाएवढा मऊ तुकडा घ्यावा. एका हाताने करंगळी हळूच बाजूला करून कापडाचे टोक बेचकीच्या तळाशी न्यावे आणि ते घासण्याऐवजी दाबून धरावे, म्हणजे कापड पाणी टिपून घेते. टर्किश टॉवेलची जाड कडा तिथे जात नाही, आणि जोराने ओढली तर आधीच सैल झालेली कातडी फाटते. चारही बेचक्या झाल्या की पाय पाचेक मिनिटे पंख्याखाली तसेच ठेवावेत आणि मगच मोजे घालावेत. सकाळच्या घाईत ही पाच मिनिटे मिळत नसतील तर आंघोळ झाल्यावर आधी चहा-नाश्ता करावा आणि मोजे-बूट अगदी शेवटी, दाराशी घालावेत; वेगळा वेळ काढावा लागत नाही. पुसताना उजेडात बेचकी बघण्याची सवयही लावून घ्यावी. पांढुरकी, किंचित जाड झालेली कातडी दिसली, बारीक चीर दिसली किंवा आंबूस वास आला, तर खाज सुटण्याआधीच आजार आपल्या लक्षात येतो.

आपल्या प्रवासाचा विचार करता माझी सर्वांत आग्रहाची सूचना अशी आहे की पावसाळ्याचे चार महिने बूट घरी आणूच नयेत. ते कार्यालयात टेबलाखाली ठेवावेत आणि प्रवास पट्टे असलेल्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या पावसाळी सँडलमध्ये करावा. उघडी सँडल भिजते आणि दहा मिनिटांत निथळते. चामड्याचा किंवा कापडी बूट भिजला की पाणी दिवसभर पायाशी धरून ठेवतो. कार्यालयात पोचल्यावर नळाच्या पाण्याने पाय धुऊन, वर सांगितल्याप्रमाणे पुसून, कोरडे मोजे आणि कोरडे बूट घालावेत. पिशवीत एक छोटा सुती रुमाल, मोज्यांचा एक जादा जोड आणि ओले मोजे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी असावी. मात्र ती पिशवी घरी गेल्यावर लगेच रिकामी करावी. दमट मोजे रात्रभर त्यात कोंडून राहिले तर बुरशीसाठी त्याहून अनुकूल जागा शोधूनही सापडणार नाही.

मोजे सुतीच असावेत असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. सूत घाम चांगला शोषते, पण शोषलेला घाम सोडत नाही. चार-पाच तासांनी तोच मोजा ओल्या पट्टीसारखा पायाला चिकटून राहतो. घाम बाहेरच्या बाजूला नेणाऱ्या धाग्याचे, खेळाडू वापरतात तसे मोजे परवडत असतील तर ते अधिक बरे. पण मोज्याच्या कापडापेक्षा तो दुपारी बदलणे अधिक उपयोगाचे आहे, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ज्यांच्या पायांना फार घाम येतो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बूट काढून पाय पुसावेत आणि दुसरा जोड घालावा. शक्य असेल तिथे टेबलाखाली बूट काढून बसण्यात संकोच मानू नये.

बूट भिजलेच तर आतली सुटी गादी काढून वेगळी वाळवावी, बुटात वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद कोंबावेत, दोन-तीन तासांनी ते बदलावेत आणि बूट पंख्यासमोर आडवे ठेवावेत. ओले बूट चपलांच्या बंद कपाटात ठेवू नयेत. पूर्ण वाळायला साधारणपणे चोवीस तास आणि पावसाळी हवेत त्याहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे दोन जोड आलटून पालटून वापरणे ही चैन समजू नये.

काही लोकांना ही मुभा नसते, आणि त्यांची मला अधिक काळजी वाटते. बारा तास बूट घालून उभे राहणारे सुरक्षारक्षक आणि पोलीस, गमबुटात काम करणारे सफाई कामगार, ससून डॉकवर बर्फाच्या पाण्यात उभ्या राहून मासळी निवडणाऱ्या बायका, कारखान्यात सेफ्टी शूज घालणारे कामगार यांना दर तासाला पाय कोरडे करा असे सांगणे व्यर्थ आहे. गमबूट बाहेरचे पाणी थांबवतो, पण आतला घाम बाहेर जाऊ देत नाही. अशा कामात गमबुटात मोजे घालावेतच, पाळीच्या मध्ये एकदा बदलावेत आणि काम संपल्यावर गमबूट आतून धुऊन उलटा टांगावा, एवढे तरी बहुतेकांना जमते. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा मुंबईत भर पावसाळ्यात खेळली जाते, आणि तिथल्या खेळाडूंना मी हेच सांगते की सामना संपल्यावर बुटांसकट घरापर्यंत प्रवास करू नये; मैदानावरच बूट-मोजे काढून, पाय पुसून चपला घालाव्यात. देवळाच्या रांगेत किंवा गणेशविसर्जनाला अनवाणी चालल्याने चिखल्या होतात अशी भीतीही अनेकांना असते. अनवाणी पायाला वारा लागतो, त्यामुळे ते चालणे सहसा कारण नसते. ओल्या पायांनी पुन्हा बुटात शिरणे हे कारण असते. काच, खिळे आणि जखमा यांचा विचार अर्थात वेगळा.

आता घराकडे वळू. बहुतेक घरांत न्हाणीघराच्या दाराशी एक पायपुसणे असते, त्यावर घरातली सगळी माणसे एकापाठोपाठ एक ओले पाय ठेवतात, आणि पावसाळ्यात ते जूनमध्ये जे ओले होते ते ऑक्टोबरपर्यंत पुरते वाळत नाही. ज्याला चिखल्या आहेत त्याच्या पायाची कातडी बारीक कणांनी झडत असते आणि त्या कणांत बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते. हे कण पायपुसण्यावर, न्हाणीघराच्या फरशीवर आणि सगळ्यांनी वापरायच्या रबरी चपलेत साचतात. म्हणून आपल्या घरी पहिला बदल करायचा तो हा: जाड पायपुसणे काढून टाकावे आणि जुन्या कपड्यांचे पातळ तुकडे ठेवावेत, जे रोज बदलून धुता येतील. प्रत्येकाचा पाय पुसण्याचा पंचा वेगळा असावा आणि तो अंगाच्या टॉवेलपासूनही वेगळा असावा. न्हाणीघराची फरशी नेहमीप्रमाणे घासून धुवावी. शेवटी खराट्याने किंवा वायपरने पाणी ओढून ती कोरडी करणे हे कोणत्याही महाग द्रावणापेक्षा अधिक उपयोगी आहे. न्हाणीघरातल्या चपला आठवड्यातून एकदा साबण आणि ब्रशने घासून उन्हात किंवा वाऱ्यावर ठेवाव्यात. चाळीत, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत जिथे न्हाणीघर सामायिक असते, तिथे आंघोळ करताना स्वतःची रबरी चप्पल पायात असावी.

मोजे धुण्याविषयी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मशीनमध्ये थंड पाण्यात धुतलेल्या मोज्यांत बुरशी टिकून राहू शकते आणि तेच पाणी इतर कपड्यांनाही लागते. कापडाला सोसत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणे खात्रीचे. मशीनला तशी सोय नसेल तर मोजे कढत पाण्यात वेगळे भिजवून मग धुवावेत. ऊन असेल तेव्हा ते उलटे करून उन्हात वाळवावेत, आणि ऊन नसेल तेव्हा सुती मोजे उलटे करूनच त्यांवरून गरम इस्त्री फिरवावी. याने उरलेला दमटपणाही जातो.

मलमाने आठवड्यात बरे वाटूनही चिखल्या परत का येतात, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. खाज थांबणे म्हणजे बुरशी संपणे नव्हे. खाज पहिल्या चार-पाच दिवसांतच कमी होते, कातडी वरून बरी दिसते आणि माणूस मलम बाजूला ठेवतो. बेचक्यांतल्या चिखल्यांसाठी टर्बिनाफिनचे १ टक्क्याचे मलम साधारणतः एक ते दोन आठवडे, ल्युलिकोनाझोलचे दिवसातून एकदा दोन आठवडे आणि क्लोट्रिमाझोलचे दिवसातून दोनदा सुमारे चार आठवडे लावावे लागते. क्लोट्रिमाझोल आठवडाभर लावून सोडणे म्हणजे उपचार अर्ध्यावर टाकणे होय. मलम फक्त खाजणाऱ्या जागी ठिपक्यासारखे न लावता तिच्या भोवतीच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीवर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि चारही बेचक्यांत पातळ थराने लावावे. जाड थर दिल्याने औषध अधिक लागू पडत नाही, उलट जागा ओली राहते. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

दुसरे कारण असे की बुरशी शरीरावर दुसरीकडे दडलेली असते. पायाच्या अंगठ्याचे नख पिवळट, जाड किंवा भुसभुशीत झाले आहे का, ते पाहावे. नखात बुरशी असेल तर बेचकी कितीही वेळा बरी केली तरी तिथून बीज परत येते. नखाला मलम सहसा पुरत नाही, तपासणी करून पोटात औषध घ्यावे लागते, आणि अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष जाते. तळवा आणि टाचेकडची कातडी कोरडी, जाडसर आणि तिच्या रेषांत पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी दिसते का, तेही पाहावे. पुष्कळ लोक याला हिवाळ्यातल्या भेगा समजतात आणि वर्षानुवर्षे कोकमाचे तेल लावत राहतात. साध्या भेगांना कोकमाचे तेल उत्तम आहे. परंतु ही पायाच्या बुरशीचीच कोरडी, खाज फारशी न येणारी जात असू शकते, आणि ती घरातल्या इतरांना नकळत लागत राहते. दोन्ही तळपायांबरोबर एकाच हाताचा तळवा तसा झाला असेल तर ही शंका जवळजवळ पक्की समजावी. तिसरी जागा जांघेची. पायाची बुरशी कपडे घालताना जांघेत पोचते आणि तिथे गजकर्ण होते. म्हणून पायांना चिखल्या असताना आधी मोजे घालावेत आणि मग अंतर्वस्त्र चढवावे.

आपण दुकानातून कोणते मलम आणता हे लिहिलेले नाही, आणि मला सर्वांत जास्त चिंता त्याची आहे. त्या नळीवरची बारीक अक्षरे कृपया वाचून पाहा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव त्यावर असेल, तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकाच नळीत असलेली मिश्रणे आपल्याकडे सर्रास हातात दिली जातात. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, म्हणून औषध गुणकारी वाटते. पण त्याच वेळी बुरशीला रोखणारी कातडीची स्थानिक प्रतिकारशक्ती दबते, बुरशी पसरत राहते आणि मलम थांबवताच दुप्पट जोराने दिसू लागते. पुढे कातडी पातळ होते आणि आजाराचे रूप इतके बदलते की जाणत्या डोळ्यालाही तो पटकन ओळखता येत नाही. भारतात २०१८ मध्ये कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच विकता येतील अशा औषधांच्या यादीत घालण्यात आली, ती याच गैरवापरामुळे. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णात ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची, टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणारी बुरशी फार वाढली आहे. पायात ती कमी दिसते, तरी योग्य औषध योग्य मुदतीपर्यंत घेऊनही फरक पडला नाही तर स्वतःहून दुसरी नळी आणण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.

घरगुती उपायांबद्दल मला नेहमी विचारले जाते. भातलावणीच्या दिवसांत बेचक्यांत मेंदीचा पाला वाटून लावण्याची जुनी पद्धत आपल्याकडे आहे. त्याने कातडी आवळल्यासारखी आणि कोरडी होते, त्यामुळे आराम पडतो, आणि चीर नसेल तर मी त्याला विरोध करत नाही. फक्त ते औषधाच्या जागी धरू नये, आणि बाजारातली काळी मेंदी तर मुळीच लावू नये, कारण तिच्यातल्या रसायनाची तीव्र ॲलर्जी होते. बेचकीत खोबरेल किंवा मोहरीचे तेल घालू नये. तेलाने तिथला ओलावा कोंडला जातो. टाचांना तेल लावावे, बोटांच्या मधे नाही, हे लक्षात ठेवावे. रॉकेल, लिंबू, चुना आणि पाणी न मिसळलेले जंतुनाशक यांनी भाजलेले पाय मी दर पावसाळ्यात पाहते. बेचकी ओलीचिंब आणि लसलशीत झाली असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिकट गुलाबी पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवून, नंतर पूर्ण पुसून मलम लावल्याने उतार लवकर पडतो. पाणी जांभळे दिसत असेल तर ते फार तीव्र आहे, त्याने कातडी भाजते. व्हिटफिल्डचे मलम हे ६ टक्के बेन्झॉइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल असलेले जुने, स्वस्त आणि खरोखर उपयोगी औषध आहे, परंतु ते जाड, कोरड्या तळव्यासाठी. चिरलेल्या बेचकीत ते फार झोंबते.

पावडरीचा उपयोग रोखण्यासाठी होतो, बरे करण्यासाठी फारसा नाही. साधी सुगंधी टाल्कम ओल्या बेचकीत घातली की तिचे गोळे होतात आणि ते टोचत राहतात. बुरशीनाशक पावडर, उदाहरणार्थ क्लोट्रिमाझोलची, पाय पूर्ण कोरडे केल्यावर चिमूटभर बेचक्यांत आणि थोडी बुटात भुरभुरावी. आपल्यासारख्या, दरवर्षी त्रास होणाऱ्या माणसांना मी एकदा पूर्ण उपचार झाल्यावर जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत ही पावडर रोज वापरायला सांगते.

हेही ध्यानात घ्यावे की बेचकीतली प्रत्येक पांढरी कातडी बुरशीची नसते. एरिथ्राझ्मा हा जिवाणूंमुळे होणारा आजार हुबेहूब चिखल्यांसारखा दिसतो आणि वुड्स दिव्याखाली (त्वचा तपासण्याच्या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली) पोवळी रंगाने चमकतो. त्याला औषध वेगळे. तळव्याला अतिशय दुर्गंधी येत असेल आणि टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील, तर तेही घामट बुटांत वाढणाऱ्या जिवाणूंचे काम असते. शेवटच्या दोन बोटांमध्ये हाडावर हाड दाबून झालेले मऊ कुरूपसुद्धा चिखल्या समजून महिनोन्‌महिने मलमाने चोळले जाते. तिथे बुटाचा पंजा रुंद घेणे हाच इलाज. आपल्या मुलीच्या बाबतीत, लहान मुलांना खऱ्या चिखल्या मोठ्यांपेक्षा बऱ्याच कमी होतात आणि अंगठ्याच्या टोकाची कातडी सोलवटणे हे बहुधा घाम, घर्षण किंवा बुटाच्या ॲलर्जीचे लक्षण असते. तिने तलावाच्या काठावर आणि कपडे बदलण्याच्या खोलीत चप्पल घालावी आणि पाय पुसूनच बूट घालावेत.

वडिलांच्या बाबतीत मात्र कोणतीही ढिलाई चालणार नाही. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे चीर पडूनही दुखत नाही आणि खाजही जाणवत नाही. त्यांचे तळवे आणि बेचक्या रोज रात्री घरातल्या कुणीतरी उजेडात पाहाव्यात. ते स्वतः पाहत असतील तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे. त्यांनी पाय पाण्यात भिजवत बसू नये, पाणी किती गरम आहे हे पायाने जोखू नये, घरातही अनवाणी चालू नये, आणि कुरूप किंवा सैल कातडी ब्लेडने कापू नये. कोरड्या टाचांना मलम लावताना ते बोटांच्या मधे जाऊ देऊ नये. बेचकीतली बारीक चीर हे स्ट्रेप्टोकोकससारख्या जिवाणूंचे प्रवेशद्वार असते, आणि पायाचा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आतल्या थरांत पसरणारा जिवाणूंचा संसर्ग, पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. पाय लाल, गरम आणि सुजलेला दिसणे, थंडी वाजून ताप येणे, जांघेत अवधाण येणे, बेचकीतून पू किंवा हिरवट स्राव येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हत्तीपायाने किंवा अन्य कारणाने ज्यांच्या पायाला कायमची सूज असते, त्यांनाही हाच नियम लागू आहे.

चिरलेल्या पायांनी साचलेल्या पाण्यातून जाण्यात आणखी एक धोका आहे, तो लेप्टोस्पायरोसिसचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर शहरात या तापाची साथ आली, हे अनेकांना आठवत असेल. उंदीर आणि इतर जनावरांच्या मूत्रातले जंतू पाण्यातून फुटलेल्या कातडीवाटे शरीरात शिरतात. हिंदमाता किंवा अंधेरीचा भुयारी मार्ग अशा ठिकाणी साचलेल्या पाण्यातून जावे लागलेच, तर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून डॉक्सिसायक्लिन घेण्याची गरज आहे का, ते विचारावे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, म्हणून एकाची गोळी दुसऱ्याला देऊ नये.

आपल्याला मी या वेळी एकदा तपासणी करून घ्यायला सांगेन, कारण इतकी वर्षे परत परत होणाऱ्या चिखल्यांत अंदाजाने औषध देणे बरोबर नाही. केईएम, शीव आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांकडेही ही तपासणी होते. बेचकीच्या कडेची थोडी कातडी बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली कातडीच्या पेशींमधून आडवे-तिडवे गेलेले बुरशीचे बारीक, फांद्या फुटलेले तंतू दिसतात. दुखत काही नाही. तपासणीआधी सुमारे दोन आठवडे बुरशीनाशक मलम बंद ठेवावे, नाहीतर बुरशी असूनही खरवडीत दिसत नाही. आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या नळ्या, रिकाम्या असल्या तरी, आणि रोजचे बूट बरोबर न्यावेत. वडिलांच्या पायाला काही दिसले तर मात्र हे दोन आठवडे थांबणे त्यांना लागू नाही. त्यांना लगेच दाखवावे.